शेळीकडे आहे, आपल्याकडे नाही!

जीवनसत्त्वं आणि एन्झाइम समजून घ्यायला धाराशिवकरांना फार लांब जायला नको. गोठ्यातली शेळी, ताटातली भाकरी आणि पातेल्यातला खवा, एवढ्यावर निम्मा अभ्यासक्रम उरकतो.

● शेळीला लिंबू लागत नाही
जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी अजून उस्मानाबादीच! काळी, काटक आणि 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत स्वयंपूर्ण. तिचं यकृत ग्लुकोजपासून ते रोज तयार करतं. आपल्याकडे मात्र शेवटच्या पायरीचं एन्झाइमच गायब; ते बनवणारं जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वीच बिघडलं. म्हणजे ही कमतरता जगातल्या प्रत्येक माणसाला आहे. गिनीपिगचीही तीच रड, म्हणून तर १९०७ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांना 'क'च्या अभावाने होणाऱ्या स्कर्व्हीच्या अभ्यासासाठी तो उपयोगी पडला.

● दूध हलकं, फोलेट त्याहून हलकं
शेळीच्या दुधात फोलेट हे जीवनसत्त्व गाईच्या दुधापेक्षा कितीतरी कमी असतं. फक्त त्याच दुधावर वाढवलेल्या तान्ह्या बाळांचं रक्त कमी होतं. या आजाराला 'शेळीच्या दुधाचा अ‍ॅनिमिया' असं नावच पडलं आहे.

● मुंबईत सापडला माग
१९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावातल्या गरोदर बायकांचा जीवघेणा रक्तक्षय तिला कोड्यात टाकत होता. उतारा निघाला मार्माइट! इंग्रज पावाला फासतात तो यीस्टचा खारट, काळपट अर्क. १९३१ मध्ये तिने हे जगापुढे मांडलं. त्यातला गुणकारी 'विल्स घटक' म्हणजेच फोलेट. पुढे १९४५ मध्ये येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत तेच फोलिक अ‍ॅसिड म्हणून कृत्रिमरीत्या बनवलं.

● ज्वारीवर बोट
१९५६ पर्यंत धाराशिव जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादेतून १९६० मध्ये सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवर बोट ठेवलं. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच भागवणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसे: उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळे चट्टे, जुलाब, भ्रम. नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडल्याचा हा आजार. ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन हे अमिनो आम्ल नायसिनचा हिशेब बिघडवतं, असा त्यांचा सिद्धांत. त्यावर पुढे वादही झडले. पण शेंगदाण्यात नायसिन भरपूर असतं. भाकरीवर शेंगाची चटणी घेणाऱ्याने शास्त्र न वाचताच बाजू सांभाळली म्हणायची!

● जंतूंची मक्तेदारी
बी-१२ ना झाड बनवतं, ना जनावर; बनवतात फक्त जंतू. शेळीच्या पोटातच त्यांचा कारखाना, चाऱ्यात कोबाल्ट तेवढा हवा. शाकाहारी माणसाची भिस्त दूध-दह्यावर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९०च्या दशकात आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. दोन तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघालं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वाधिक विरोध आढळला. दुसरी गोष्ट गंमत नव्हे, इशारा: बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्त सुधारतं, नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हातापायांना सारख्या मुंग्या येत असतील तर आधी तपासणी, मग गोळी.

● खवा गोड, पोट कडू
दूध आटवून भूमचा खवा होतो, पण दुधातली साखर कुठेच जात नाही. ती पचवणारं लॅक्टेज एन्झाइम अनेकांत वयाबरोबर घटतं. मग पेढा जिभेला गोड, पोटात गुडगुड! दह्यात ही साखर थोडी जंतूच फस्त करतात, म्हणून ते अनेकांना सोसतं.

● एन्झाइम गेलं, नाव राहिलं
१९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे ए, बी, ओ कशाशीच जुळेना. कारण पुढे कळलं: रक्तगटाचा पाया घालणारं एक एन्झाइमच त्यात नाही. अशा माणसाला एरवी काही त्रास नसतो. मात्र रक्त लागलं तर ओ निगेटिव्हही चालत नाही, आपल्याच गटाचा दाता शोधावा लागतो. या गटाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराने आपलं नाव १९९५ मध्ये बदललं, रक्तपेढ्यांनी अजून नाही!