कागवाडच्या अलीकडे, कागवाडच्या पलीकडे

सांगलीत हळद दळून विकायची म्हणा, नाहीतर साताऱ्यात कंदी पेढ्यांची भट्टी लावायची म्हणा, धंद्याआधी सल्ले सुरू होतात. एक म्हणतो जीएसटी काढ, दुसरा म्हणतो थेट प्रायव्हेट लिमिटेड कर, तिसरा ओळखीच्या एजंटाचा नंबर देतो. कुठला कागद केव्हा लागतो, हे मात्र कुणी सांगत नाही.

खाण्याची वस्तू असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडची नोंदणी हवीच, धंदा कितीही लहान असो. तो 14 अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. 'सांगलीची हळद' याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते चिन्ह वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद लागते.

जीएसटीचे मात्र गमतीशीर आहे. माल राज्यातच विकत असाल तर वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा नोंदणी लागत नाही. सेवा पुरवणाऱ्यांना ही मर्यादा 20 लाखांची. पण मिरजेहून म्हैसाळ ओलांडले की कागवाड, म्हणजे कर्नाटक. तिथल्या दुकानदाराला दहा हजारांची हळद पावडर दिलीत, तरी आधी नोंदणी हवी. सीमेवरच्या जिल्ह्यात हा नियम चाळीस लाखांच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा, असे माझे मत. अर्ज अडतो तोही साध्याच गोष्टीवर: धंदा सुनेच्या नावावर आणि वीजबिल सासऱ्यांच्या. तेव्हा सासऱ्यांचे संमतीपत्र आधीच तयार ठेवा.

लहान उद्योगांसाठीची 'उद्यम' नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू झाली. आधार आणि पॅन एवढ्यावर ती होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. फायदा कर्जापुरताच नाही. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात; उशीर केला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. उधारीत बुडालेल्यांना याचे मोल कळेल.

राहिली कंपनी. तिचा अर्ज ऑनलाइन भरला की हरियाणातल्या मानेसरच्या केंद्रात तपासला जातो, पॅन-टॅनही त्यासोबतच मिळतात. पण नंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रे आली, त्यांचा खर्च आला. भागीदार, भांडवल वाढल्याशिवाय ही घाई करू नये. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही आधी औंध संस्थानातल्या माळावर 1910 मध्ये कारखाना उभा केला. 'किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड' नोंदली गेली ती 1920 मध्ये.

एक विनंती. उद्यमच्या नावाने सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळे 'शुल्क' मागतात. पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का ते पाहा. सरकार या नोंदणीचा एक रुपयाही घेत नाही.