कलांचोला फुले का येत नाहीत?

डिसेंबरात नर्सरीतून आणताना कलांचो फुलांनी गच्च असतो. पुढच्या वर्षी मात्र नुसती पानेच. खत वाढवूनही उपयोग होत नाही.

कसालसारख्या कोकणातल्या गावात थंडी बेताचीच, पण कारण ते नव्हे. कारण बहुधा खोलीतली ट्यूबलाइट असते. मूळचे मादागास्करचे हे झाड, आपल्या पानफुटीचे भावंड, रात्र लांबली की कळ्या धरते. डिसेंबरात इथली रात्र सुमारे १३ तासांची असते; पण हॉलमधला दिवा अकरापर्यंत जळत राहिला, तर झाडाच्या लेखी ती तोकडीच. शेवंतीचे बागायतदार हेच उलटे करतात: फुले लांबवायची तर रात्री बल्ब लावतात.

म्हणून ऑक्टोबरअखेरपासून साधारण सहा आठवडे कुंडी संध्याकाळी सहाला खोक्याने झाका आणि सकाळी आठला पूर्वेच्या खिडकीत ठेवा. काम कंटाळवाणे आहे खरे, पण खाडा नको. कळ्या दिसल्या की झाकणे थांबवा. पाणी माती सुकल्यावरच द्या. दमट हवेत मुळे लवकर कुजतात.

एवढी कटकट नको असेल, तर अँथुरियम आणा. त्याला रात्रीच्या दिव्याचे सोयरसुतक नसते.