सदाफुलीचा अर्क : परीक्षा आणि उपचार

ठाकुर्ली स्थानकावरून वस्तीकडे निघाले, की कुंड्यांत, कुंपणालगत, भिंतींच्या फटींतही सदाफुली दृष्टीस पडते. कल्याण तालुक्यातील खेड्यांच्या अंगणांतही ती बारमाही फुलते. तिला पाणी थोडे लागते व गुरे सहसा तोंड लावीत नाहीत. मधुमेहावर उपाय म्हणून तिची पाने खाण्याचा वा रस पिण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. तो निर्धोक आहे काय, याचे उत्तर या वनस्पतीच्या परीक्षेच्या इतिहासात मिळते.

मूळच्या मादागास्करमधील या वनस्पतीचा काढा जमैका बेटावरही मधुमेहावर देत असत. तेथून आलेली पाने डॉ. रॉबर्ट नोबल व डॉ. चार्ल्स बिअर यांनी कॅनडात तपासली. उंदरांच्या रक्तातील साखरेवर विशेष परिणाम दिसला नाही. परंतु अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. अर्कामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात, असे त्यांना आढळले. रक्ताच्या कर्करोगात या पेशी बेसुमार वाढतात. म्हणून हा घातक गुण तेथे उपयोगी पडेल, असा विचार पुढे आला. १९५८ मध्ये त्यांनी व्हिनब्लास्टिन या द्रव्याची माहिती प्रसिद्ध केली. पुढे अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात.

अर्काची परीक्षा पायरीपायरीने होते. जंतुनाशक गुण पाहण्यासाठी बशीतील अगरवर जिवाणू वाढवितात व अर्कात भिजविलेली कागदाची चकती त्यावर ठेवितात. चकतीभोवती जिवाणू न वाढता स्वच्छ कडे उरले, तर अर्कात गुण आहे असे समजावे. शेजारी नुसत्या विद्रावकाची चकतीही ठेवावी लागते. अन्यथा मद्यार्काचा गुण वनस्पतीच्या नावे जमा होतो. कर्करोगासाठी काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर अर्क तपासतात. नवी मुंबईतील खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या 'ॲक्ट्रेक' संस्थेत अशी सोय आहे. परंतु काचपात्रातील पेशी विषानेही मरतात. निरोगी पेशी वाचतात काय, प्राण्यांना व नंतर रुग्णांना ते सोसते काय, हे पाहिल्यावाचून अर्काचे औषध होत नाही.

शेकडो किलो वाळलेल्या पानांतून व्हिन्क्रिस्टिन जेमतेम एक ग्रॅम मिळते. ते शिरेतून, एका वेळी बहुधा २ मिलिग्रॅमच्या आत व वैद्यकीय देखरेखीखाली देतात. घरी काढलेल्या रसात कोणते द्रव्य किती उतरले, हे कळण्यास मार्ग नाही. म्हणून मधुमेही रुग्णाने सदाफुलीचा रस घेऊ नये. कर्करोगाच्या रुग्णाने काढ्याच्या भरवशावर रुग्णालयातील उपचार सोडणे तर प्राणघातक होय.

संशोधनासाठी कोणी वनस्पतीचा नमुना मागितल्यास ग्रामसेवकांनी पुढील दक्षता घ्यावी. फुलाफळांसह एक फांदी दाबून वाळवावी, म्हणजे ओळख निश्चित होते. गाव, तारीख व वनस्पतीचा घेतलेला भाग लिहून ठेवावा. पाने सावलीत वाळवावीत. बुरशी धरलेला नमुना पाठवू नये. झाड मुळासकट उपटू नये. सह्याद्रीतील नरक्या या वृक्षात कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूळ द्रव्य असल्याचे १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याची मागणी वाढून बेसुमार तोड झाली. अंगणातील सदाफुली फुलांसाठी अवश्य राखावी. रोग्यास मात्र विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे.