हिमप्रदेश आणि विश्वकोशातील नोंद

विश्वकोश एकदा छापून झाला की काम संपले, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः छपाई पूर्ण होते त्याच दिवसापासून त्यातील काही मजकूर जुना होऊ लागतो. पृथ्वीवरील हिमप्रदेशांविषयीच्या नोंदी हे याचे ठळक उदाहरण होय.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध झाला. अकारविल्ह्यानुसार 'अंटार्क्टिका' ही नोंद याच खंडात येते. त्यानंतर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १९८१ रोजी, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली व ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. १९८३ साली भारत अंटार्क्टिका करारात सामील झाला. १९८३-८४ मध्ये उभारलेले 'दक्षिण गंगोत्री' केंद्र पुढे बर्फाखाली गाडले गेले. १९८९ साली 'मैत्री' व २०१२ साली 'भारती' ही केंद्रे आली. यांपैकी काहीही १९७६ च्या छापील पानावर असणे शक्य नव्हते. हा संपादकांचा दोष नव्हे.

नोंद अद्ययावत करताना तीन प्रकारची कामे करावी लागतात. पहिले काम भर घालण्याचे; वरील मोहिमा त्यात येतात. दुसरे दुरुस्तीचे. व्होस्टोक येथे १९६० साली नोंदलेले उणे ८८.३ अंश सेल्सिअस हे तापमान त्या काळी नीचांकी होते. २१ जुलै १९८३ रोजी तेथेच उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. तिसरे काम सर्वांत नाजूक, ते म्हणजे सतत बदलणाऱ्या आकड्यांचे. आर्क्टिक समुद्रावरील बर्फाचे सप्टेंबरमधील क्षेत्र १९८० च्या आसपास सुमारे ७० लाख चौ. किमी. होते, सप्टेंबर २०१२ मध्ये ते सुमारे ३४ लाखांपर्यंत घटले. म्हणून अशा आकड्यासोबत वर्ष दिलेच पाहिजे. वर्षाविना दिलेला आकडा वाचकाची दिशाभूल करतो. जुना आकडाही पुसून टाकू नये, कारण बदल किती झाला हे त्यावरूनच कळते.

केवळ आकडे बदलून मात्र भागत नाही. त्यांचा अर्थही सांगावा लागतो. समुद्रावर तरंगणारे बर्फ वितळल्याने पाण्याची पातळी जवळजवळ वाढत नाही. जमिनीवरचे बर्फ वितळून समुद्रास मिळाले की ती वाढते. ग्रीनलंडवरील सर्व बर्फ वितळले तर जगातील सागरपातळी सुमारे ७ मीटर चढेल. हे एकाएकी घडणार नाही. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापासून ती सुमारे २० सेंटिमीटर वाढलेली आहे. वेसावे आणि गोराईचा किनारा किंवा मुलुंडलगतची ठाणे खाडी ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

विश्वकोश आता संगणकावर उपलब्ध असून नोंदी अद्ययावत करण्यासाठी विषयवार ज्ञानमंडळेही स्थापन झाली आहेत. परंतु लिहिणारे हात हवेत. इंग्रजी वाचणाऱ्याला ताजी माहिती मिळते; केवळ मराठीवर विसंबणारा विद्यार्थी जुन्या नोंदीपाशीच थांबला, तर त्याची परीक्षेतच नव्हे, विचारातही पीछेहाट होते. भूगोलाच्या विद्यार्थ्याने माहिती पडताळावी व मराठीच्या विद्यार्थ्याने ती सुबोध करावी, असे सहकार्य आपल्यासारख्या कला महाविद्यालयात सहज शक्य आहे. तेव्हा एका नोंदीपासून आरंभ करण्यास काय हरकत आहे?