दाढेतले पांढरे सिमेंट किती वर्षे टिकते?

दाढ किडली की आपण आधी लवंग धरतो, मग गोळी घेतो आणि रात्र निघेनाशी झाली की दवाखाना गाठतो. तिथे डॉक्टर विचारतात, "चांदी भरायची की दाताच्या रंगाचे?" दुसऱ्याला पैसे जास्त पडतात. रोज बुडवून आलेल्या माणसाला मग एकच काळजी असते, ते टिकेल किती?

आपण ज्याला पांढरे सिमेंट म्हणतो ते कंपोझिट असते. राळेसारखे रसायन आणि काचेची बारीक पूड यांचे ते मिश्रण. अमेरिकेतील राफेल बोवेन यांनी त्यातील मुख्य रसायनाचे पेटंट १९६२ साली घेतले. सुरुवातीची कंपोझिट दाढेखाली लवकर झिजत. आताची बरीच टिकाऊ आहेत. १२ अभ्यास एकत्र तपासून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दहा वर्षांनीही शंभरातल्या पाऊणशेहून अधिक दाढा शाबूत होत्या. मात्र ज्यांचे दात वारंवार किडतात, त्यांच्यात निकामी होण्याचे प्रमाण जवळजवळ तिप्पट निघाले.

चांदीशी तुलना केली तर? पोर्तुगालमधील लिस्बन येथे शाळकरी मुलांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सात वर्षांपर्यंत चांदी शंभरात ९४ टिकली, कंपोझिट ८५. पण चांदीच्या मिश्रणात सुमारे निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर घटवण्यासाठी २०१३ साली मिनामाता करार झाला. भारतही त्यात आहे. युरोपियन युनियनने तर काही अपवाद सोडून २०२५ पासून ही चांदी बंद केली. म्हणजे पुढे पांढऱ्याचाच वापर वाढणार. तोंडातली जुनी चांदी धड असेल तर ती मुद्दाम काढू नये.

कंपोझिट बिघडते ते मुख्यतः दोन कारणांनी : कडेने पुन्हा कीड लागते किंवा तुकडा उडतो. निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते किंचित आकसते. भरताना लाळ लागली तर दाताला नीट धरत नाही. म्हणून डॉक्टर दाढ कोरडी ठेवून थोडे थोडे थर भरतात. वेळ लागला तर घाई करू नये.

बाकीचे आपल्या हाती आहे. रात्री झोपताना फ्लोराईडच्या पेस्टने ब्रश करावा. दिवसभर गोड चहा, बिस्किटे, गोळ्या चालू ठेवू नयेत. मिश्री हे दंतमंजन नव्हे, ती तंबाखूच. आयाबायांनी ती सोडावी आणि मुलींच्या हाती देऊ नये.

पैशाअभावी दाढ उपटून टाकण्याआधी मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात जाऊन विचारावे. तिथे खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशात उपचार होतात. दाढ ठणकण्याची वाट न पाहता, काळा खड्डा दिसताच जावे. खड्डा लहान असतानाच भरला तर दाढही जास्त वाचते आणि पैसाही.