जुना डाव, नवे चित्र

खेळाच्या आरंभी खेळाडूच्या हाती असते ती कर्जाऊ रक्कम, आणि तिच्यावर व्याज चालू असते. कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाकावयाचे, आगगाडी विकत घ्यावयाची आणि माल, अंतर व लागलेला वेळ यांवर ठरणाऱ्या भाड्यातून व्याज भागवून नफा उरवावयाचा. ख्रिस सॉयर या स्कॉटिश रचनाकाराचा 'ट्रान्सपोर्ट टायकून' १९९४ मध्ये आला; पुढच्याच वर्षी त्याची 'डिलक्स' आवृत्ती निघाली. कोणाला मारून जिंकावयाचे नाही, असा हा खेळ व्यापारी घरातील मुलांना आवडला तर नवल नाही.

अडचण चित्रांची आहे. सायमन फॉस्टर यांनी ती काढली तेव्हा पडद्यावर ६४० बाय ४८० ठिपके आणि अवघे २५६ रंग होते. आजच्या फोर-के पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात, म्हणजे बरोबर २७ पट. जुने चित्र मूळ आकारात ठेवले तर कोपऱ्यात चिमुकले दिसते. ताणले तर ठिपक्यांच्या फरश्या होतात. संगणक कितीही महागाचा घेतला तरी मुळात न रेखाटलेला तपशील तो कोठून आणणार?

लुडविग स्ट्रिगियस या स्वीडिश प्रोग्रामरने मूळ खेळ उलगडून २००४ मध्ये 'ओपनटीटीडी' सर्वांसाठी खुला केला. परंतु चित्रे मूळ मालकाचीच राहिली. ज्याने खेळ विकत घेतला असेल त्यानेच ती वापरावीत, हे उघड होते. सीडी बाजारात मिळेनाशी झाली म्हणजे मालकाचा हक्कही संपला, हा युक्तिवाद सोयीचा खरा. न दिलेले घेणे याला आपल्याकडे अदत्तादान म्हणतात. वस्तू हाताला लागत नाही म्हणून ते नाव बदलत नाही. काही स्वयंसेवकांनी लांबचा मार्ग धरला. इंजिने, डबे, झाडे, घरे, पूल, जमिनीचा प्रत्येक चढउतार त्यांनी नव्याने रेखाटला आणि तो 'ओपनजीएफएक्स' संच विनामूल्य दिला. २०१० मध्ये १.० आवृत्ती निघाली तेव्हा मूळ फायलींवाचून खेळ चालू लागला होता.

पुढचे काम सोपे आहे. खेळातूनच नवा चित्रसंच उतरवून घेता येतो आणि पर्यायांमध्ये निवडता येतो. अक्षरे बारीक वाटल्यास आधी खिडक्या व बटणांचा आकार दुप्पट करावा; चष्मा लावणाऱ्यांना खरा लाभ त्यातच आहे. 'झेडबेस' संचात जमिनीचा चौकोन मूळच्या ६४ ऐवजी २५६ ठिपके रुंद असतो. जवळून तो देखणा दिसतो. सारा नकाशा एका नजरेत पाहावयाचा असेल तर मात्र जुन्या धाटणीची ठसठशीत रेखाटनेच अधिक स्पष्ट वाटतात.

अर्धवट ठेवलेला डाव नव्या संचासह उघडता येतो. गाड्यांचे रूप बदललेले असते. शिल्लक रक्कम आणि फेडावयाचे कर्ज तेवढेच असते.