पदर खोचला, गाडी सुरू!

श्रावणातली संध्याकाळ. भंडारदऱ्याहून राजूरला येताना रंध्याजवळ मोटारसायकल एकाएकी बंद पडली. आमच्या मध्ये तापाने फणफणलेला धाकटा. 'हे' किका मारून थकले. मला गॅरेजवाल्याचं बोलणं आठवलं, "वहिनी, इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते." टाकीत पेट्रोल होतं, लाल बटणही चालूवर होतं. मग ठिणगीच! चावी बंद करून प्लगची टोपी काढली, तर आत पावसाचं पाणी. पदराने कोरडी करून घट्ट बसवली. दुसऱ्या किकला गाडी सुरू!

मैत्रिणींनो, गॅसचा रेग्युलेटर आपण बिनधास्त बसवतो, मग गाडीलाच का भ्यायचं? गरम इंजिनाला हात न लावता बटण, पेट्रोल, प्लगची टोपी एवढं तरी बघायला शिका. लेकरू तापलेलं असताना मेकॅनिकची वाट बघत बसता येत नाही.